कालच आलो, येस्टर्डे ओन्ली

या वेळची पत्रं ज्यांना इंग्रजी येतं त्यांची आहेत. येतं, पण अडतं. "पहिल्यापासून कसं शिकू" असं विचारणाऱ्यांची पत्रं वेगळी काढून ठेवली आहेत, त्यांची पाळी पुढच्या महिन्यात. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की मीही याच गोतावळ्यातली. पाचवीत पहिल्यांदा एबीसीडी गिरवली, पुढे कराडकडे ज्युनिअर कॉलेजात ३१ वर्षं तोच विषय शिकवला आणि आता पुण्यात लेकाकडे राहून नोकरदार माणसांना बोलतं करायचा उद्योग करते. पत्रं लांबलचक होती, थोडी छाटली आहेत.

प्रश्न : बाई, मी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. मूळचा औशाचा, दहावीपर्यंत मराठी माध्यम. नोकरीला १२ वर्षं झाली. अमेरिकेतल्या क्लायंटचं बोलणं सगळं कळतं, ईमेल लिहिताना अडत नाही. पण मीटिंगमध्ये माझी पाळी आली की वाक्य डोक्यात जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. दोन क्लास केले. दोन्हीकडे पुन्हा काळ आणि कर्तरी-कर्मणीच शिकवलं. आता काय करू?

उत्तर : तिसरा क्लास लावू नका. अगदी माझासुद्धा.

तुमच्यासारखीच गत कॅनडातल्या मुलांची झाली होती. माँट्रियलजवळ सेंट लँबर्ट नावाचं गाव आहे. तिथल्या इंग्रजी बोलणाऱ्या आईबापांनी १९६५ साली शाळेच्या मागे लागून आपल्या मुलांसाठी फ्रेंचमधून शिकवणारा वर्ग सुरू करून घेतला. पुढे असे वर्ग देशभर निघाले. मुलं गणित, इतिहास, सगळं वर्षानुवर्षं फ्रेंचमधून शिकली. ऐकून आणि वाचून समजण्यात ती फ्रेंच मुलांच्या जवळपास पोचली. बोलण्या-लिहिण्यात मात्र मागेच राहिली, वर्षं उलटली तरी त्याच त्या चुका. टोरांटोच्या मेरिल स्वेन यांनी १९८५ साली यावर बोट ठेवलं. मुलांनी ऐकलं भरपूर, पण सलग आणि नेमकं बोलायची वेळ त्यांच्यावर फारशी आलीच नाही. ऐकताना माणूस अर्थाच्या आधारावर निभावून नेतो, शेवटचा प्रत्यय किंवा मधला छोटा शब्द निसटला तरी काही बिघडत नाही. बोलताना मात्र तो प्रत्यय, तो शब्द स्वतःच्याच खिशातून काढावा लागतो. तुमची १२ वर्षं अशी ऐकण्यात गेली.

"वाक्य जुळवेपर्यंत" हे तुम्ही फार नेमकं लिहिलंय. मराठीत क्रियापद शेवटी येतं. "काल रात्री पेमेंटच्या पानावर तो जुना प्रॉब्लेम पुन्हा" एवढं बोलून झालं तरी "दिसला" म्हणायचं की "आला नाही" म्हणायचं ते ठरवायला आपण मोकळे असतो. इंग्रजी कर्ता झाला की लगेच क्रियापद मागते. त्यामुळे मनातल्या मनात भाषांतर करणाऱ्याला मराठी वाक्याचं शेपूट हाती लागेपर्यंत तोंडच उघडता येत नाही. आमच्या पिढीने भाषांतराच्या पुस्तकातली वाक्यं शेकड्याने उलटीसुलटी केली, म्हणून हा आजार आमच्यात आणखी मुरलेला. माझा उपाय घरगुती आहे. आधी दोरी बांधा, कपडे मग वाळत घाला. "वी सॉ", "इट लुक्स लाइक", "व्हॉट वी फाउंड वॉज" अशी आठ-दहा तोंडं इतकी घोटून ठेवा की झोपेतही निघतील. ती बाहेर पडली की पुढचं एकेक करून अडकवत जाता येतं. काल रात्री, पेमेंटचं पान, जुना प्रॉब्लेम, ज्या क्रमाने सुचेल त्या क्रमाने.

घोटायचं कसं? चार-तीन-दोन. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांच्यामुळे ही पद्धत जगभर शिक्षकांना माहीत झाली. काल सापडलेला एखादा बग घ्या आणि तो काय होता, कसा सापडला, हे चार मिनिटं इंग्रजीत सांगा. मग तेच सगळं तीन मिनिटांत, मग दोन मिनिटांत. दर वेळी ऐकणारा नवा हवा, म्हणजे आपल्याला कंटाळा येत नाही. कुणी मिळालं नाही तर फोनचं रेकॉर्डिंग चालेल. विषय बदलायचा नाही आणि नवे शब्द शोधत बसायचं नाही. तिसऱ्या फेरीला काय सांगायचं ते पाठ झालेलं असतं, त्यामुळे डोकं रिकामं होतं आणि वाक्यं एकमेकांना चिकटायला लागतात. माझ्याकडे येणारी अकाउंट्समधली एक मुलगी हे स्वयंपाकघरात करते. पहिली फेरी कुकरला शिट्टी होईपर्यंत, दुसरी पोळ्या लाटताना. तिची पहिली आणि सहाव्या आठवड्यातली रेकॉर्डिंग मी ऐकली आहेत. शब्द तेच होते. मधले खड्डे बुजले होते.

खड्ड्यांवरून आठवलं. थांबणं वाईट नसतं. जन्माने इंग्रजी बोलणारेही सारखे थांबतात, फक्त ते वाक्याच्या सांध्यावर थांबतात आणि शिकणारा वाक्याच्या पोटात थांबतो. "वी हॅव फाउंड द", मग पोकळी, मग "इश्यू", हे ऐकणाऱ्याला टोचतं. "वी हॅव फाउंड द इश्यू", मग तेवढीच पोकळी, मग "बट द फिक्स विल टेक टू डेज", हे कुणाच्या लक्षातही येत नाही. रेकॉर्डिंग ऐकताना चुका मोजू नका, थांबलात कुठे तेवढं बघा.

आणि मराठीत आपण काय कमी थांबतो? "म्हणजे कसंय", "ते आपलं हे", "काय झालं माहितीये का". आपल्याला कुणी अडखळतो म्हणत नाही, कारण ते अडखळणंही अस्सल मराठीत असतं. इंग्रजीत "द थिंग इज", "वेल, इट डिपेंड्स", "लेट मी पुट इट धिस वे" हे तेच काम करतात. मीटिंगसाठी दोन वेगळे द्यायचे आहेत : "कॅन आय जस्ट ॲड समथिंग हिअर?" आणि "बिफोर वी मूव्ह ऑन". आपलं वाक्य तयार नसतानाच हे म्हणायचे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो तसं. जागा धरली की मग दारातून सावकाश आत शिरा.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही "आय केम येस्टर्डे ओन्ली" या वाक्याला लाल शाई लावलीत. बँकेत ३६ वर्षं मी हेच बोललो, कुणाचं काही अडलं नाही. याला भारतीय इंग्रजी म्हणायला काय हरकत? साहेब गेला आणि छडी तुमच्या हातात देऊन गेला, असं तर नाही? (निवृत्त बँक अधिकारी, नागपूर)

उत्तर : छडी लागली, साहेब. थोडी मान्य, थोडी परत करते.

मान्य अशी की भारतीय इंग्रजी ही खरी इंग्रजी आहे. "प्रीपोन" आपण रुळवला आणि आज तो ऑक्सफर्डच्या कोशात आहे. "पोस्टपोन" असेल तर "प्रीपोन" का नको, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. "आउट ऑफ स्टेशन" तर मला फार आवडतो. वडील तालुक्याला जायचे तरी म्हणायचे. "काइंडली डू द नीडफुल" हे सरकारी पत्रात खुशाल लिहा, समोरचाही तेच लिहिणार आहे. फक्त "आय विल रिव्हर्ट" हे लंडनच्या माणसाला लिहाल तर तो जरा गोंधळेल, कारण त्याच्या लेखी रिव्हर्ट होणं म्हणजे पूर्वपदावर जाणं. तिथे "रिप्लाय" लिहिलं की भागतं.

"ओन्ली"चं प्रकरण मात्र निराळं आहे. तो शब्द "च"चा वेश घेऊन आलेला आहे. ही तीन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा : "मीच त्याला सांगितलं." "मी त्यालाच सांगितलं." "मी त्याला सांगितलंच." एक अक्षर इकडून तिकडे सरकलं आणि भांडणाची तीन कारणं झाली. इंग्रजीकडे हे अक्षर नाही. ती हे काम आवाजावर करते. "आय टोल्ड हिम" हे वाक्य घ्या. "आय" वर आवाज उचलला की "मीच". "हिम" वर उचलला की "त्यालाच". तिसऱ्यासाठी "आय डिड टेल हिम", आणि जोर "डिड" वर. आपण काय करतो, आवाज सपाट ठेवतो आणि "च"च्या जागी "ओन्ली" चिकटवतो. परदेशी माणसाला त्यात "केवळ" ऐकू येतं. "आय टोल्ड हिम ओन्ली" म्हणजे एकट्या त्यालाच सांगितलं, बाकी कुणाला नाही. आता हे भांडण मिटवायला गेलं तर आणखी वाढेल.

"कालच आलो" हे म्हणायचंच असेल तर "आय ओन्ली गॉट हिअर येस्टर्डे" असं ते बिनधास्त म्हणतात. म्हणजे शब्द वाईट नाही, त्याची खुर्ची चुकली. "जस्ट येस्टर्डे" त्याहून सोपं.

"ना"चीही हीच कथा. आपला एक "ना" सगळ्या वाक्यांना पुरतो. इंग्रजीत "आरंट यू", "डझन्ट ही", "वोन्ट दे" अशी पलटण उभी. तुम्ही म्हणाल त्यात चुकतं म्हणून आम्ही सगळीकडे "इझन्ट इट" लावतो. लावू नका. सगळीकडे "राइट?" लावा. तेही साध्या बोलण्यात तेच करतात. तुमच्या ३६ वर्षांना माझा नमस्कार. बँकेत समोरचाही मराठी किंवा हिंदी मनात धरून ऐकत होता, म्हणून अडलं नाही.

प्रश्न : मी मिरजेला हॉस्पिटलमध्ये सिस्टर आहे. इंग्लंडला जायचंय, ओईटी ही डॉक्टर-नर्सेसची इंग्रजीची परीक्षा देणार आहे. यूट्यूबवर बघून ब्रिटिश ॲक्सेंट शिकते आहे. नवरा म्हणतो नाटकी वाटतं. चालू ठेवू का?

उत्तर : या एका बाबतीत नवऱ्याचं ऐका. ओईटीच्या बोलण्याच्या परीक्षेत साधारण पाच-पाच मिनिटांचे दोन प्रसंग असतात. समोरचा पेशंट किंवा नातेवाईक होतो आणि तुम्ही तुम्हीच असता. तुमचं बोलणं ताण न पडता कळतं का, हे तिथे बघतात. तुम्ही मिरजेच्या आहात हे ऐकू आलं म्हणून मार्क जात नाहीत. ॲक्सेंटच्या मागे लागलेली माणसं "वॉटर"चा र गिळायला शिकतात आणि बाकी सगळं तसंच ठेवतात. नथ घातली आणि पातळ नेसायचं राहिलं, असा प्रकार.

तुमचा वेळ जिथे घालवायला हवा ती गोष्ट मला हैदराबादला कळली. १९९० च्या सुमारास मी तिथल्या सीआयईएफएलमध्ये शिक्षकांच्या प्रशिक्षणाला गेले होते. आता ते इंग्लिश अँड फॉरिन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी म्हणून ओळखलं जातं. भाषेच्या प्रयोगशाळेत कानाला मोठाले हेडफोन लावून एक उतारा वाचायचा आणि मग आपलीच कॅसेट ऐकायची. तोवर माझी समजूत होती की आपलं इंग्रजी बरंच बरं आहे. कॅसेटमध्ये एक बाई पाढे म्हणत होती. बे एके बे, बे दुणे चार. प्रत्येक अक्षराला सारखं वजन, एकही चूक नाही आणि ऐकवत नाही.

शाळेत आपण वृत्तं शिकतो, लघु-गुरू मांडतो. इंग्रजी शब्दातही एक गुरू असतो, पण तो ऱ्हस्व-दीर्घावर ठरत नाही, आघातावर ठरतो. आणि त्या एका अक्षराला सगळं वजन दिलं की बाकीची अक्षरं पार चोळामोळा होऊन बारीक "अ" होतात. तुमच्या कामातले शब्द घ्या. "ॲलर्जी" मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, पण "अलर्जिक" म्हणताना तो दुसऱ्यावर, "लर" वर सरकतो आणि पहिला "ॲ" नुसता "अ" उरतो. "मेडिसिन" चा जोर "मे" वर. "थर्मॉमिटर" चा "मॉ" वर. "ॲनलाइज" चा पहिल्यावर, "अनॅलिसिस" चा दुसऱ्यावर. जोर चुकला तर उच्चार कितीही शुद्ध असला तरी ऐकणारा क्षणभर दुसराच शब्द शोधत बसतो. नवा शब्द वहीत उतरवताना त्या अक्षराखाली रेघ मारा. स्पेलिंगपेक्षा ती रेघ कामाची.

दुसरी गोष्ट "प"ची. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला जोराचा "प", "ट", "क" आला की त्याबरोबर हवेचा फुगारा बाहेर पडतो. आपल्याकडे तो फुगारा म्हणजे वेगळं अक्षरच आहे, "फ". म्हणून आपण "प" कोरडा ठेवतो, आणि कोरडा "प" त्यांच्या कानाला "ब" वाटू शकतो. तुम्ही म्हणालात "युअर पिल", म्हाताऱ्याला ऐकू आलं "युअर बिल". बिचारा घाबरेल. ओठांसमोर वहीच्या कागदाची पट्टी धरा. पट्टी हलली पाहिजे. जुनी माणसं "फणस" म्हणताना ओठ मिटून जो "फ" म्हणतात तो इथे बरोबर बसतो.

तिसरी गोष्ट मराठी लिपीने तुम्हाला आधीच दिलेली आहे. आपण "वॉर्ड" लिहितो आणि "व्हेन" लिहितो, सुई टोचायची ती. पण बोलताना दोन्हीकडे मधलाच एक "व" काढतो. "वॉर्ड" ला ओठांचा चंबू. "व्हेन" ला वरचे दात खालच्या ओठावर. आरशात बघून आठवडाभर करा, संपलं.

आता मला खरी काळजी वाटते ती ऐकण्याची. परीक्षेतले पेशंट नीट बोलतात. तिथले खरे म्हातारे-म्हाताऱ्या नाही. आपल्याकडे पेशंट "मळमळतंय" म्हणेल, पण "पोटात कसंतरी होतंय", "अंग मोडून आलंय", "डोळ्यापुढे अंधारी आली" हेच जास्त म्हणेल. कोशात शोधत बसलेल्या परदेशी नर्सने काय करायचं? तिकडची आजी "आय हॅड अ फनी टर्न" म्हणते तेव्हा हसू नका, तिला भोवळ आली होती. "आय फील पुअरली" म्हणजे बरं वाटत नाहीये. "ऑफ माय फूड" म्हणजे जेवण जात नाही. "ट्रबल विथ माय वॉटरवर्क्स" म्हटलं तर नळदुरुस्तीचा विषय नाही, लघवीची तक्रार आहे. आणि "आय नीड टू स्पेंड अ पेनी" म्हणाली तर लगेच उठा. पूर्वी तिथे सार्वजनिक शौचालयात जायला एक पेनी पडायची, त्यावरून आलंय. अशा वाक्यांची वही करा, इंग्रजी-मराठी नाही, मिरजेची आजी काय म्हणेल ते समोर लिहून. ती वही तुम्ही केलीत तर मला एक झेरॉक्स पाठवा.

प्रश्न : माझ्या ठरलेल्या चुका जातच नाहीत. साहेब दर वेळी दुरुस्त करतात, मी "सॉरी" म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी तेच. व्याकरणाचं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून करू का? (विमा कार्यालयातील कर्मचारी, जळगाव)

उत्तर : नको. तुम्ही पत्रात दिलेल्या पाच चुका बघा, सगळ्यांच्या मागे मराठी प्रत्यय नाहीतर शब्दयोगी अव्यय उभं आहे. आपण माणसा"वर" रागावतो, म्हणून "अँग्री ऑन". माणसा"शी" लग्न करतो, म्हणून "मॅरिड विथ". गणिता"त" हुशार असतो, म्हणून "गुड इन मॅथ्स". विषया"वर" चर्चा करतो, म्हणून "डिस्कस ऑन". आणि पाच वर्षां"पासून" जळगावात राहतो, म्हणून "सिन्स फाइव्ह इयर्स". इंग्रजीत अँग्री विथ, मॅरिड टू, गुड ॲट, आणि डिस्कसच्या पुढे काहीच नाही.

शेवटच्या चुकीत गंमत आहे. नीट मराठीत आपण "२०१९ पासून" म्हणतो आणि "गेली पाच वर्षं" म्हणतो. म्हणजे फरक आपल्याकडेही आहे! "पासून" तिथे "सिन्स", "गेली" तिथे "फॉर". "पाच वर्षांपासून" म्हणायची सवय लागली आणि दोन्ही भाषांत घोळ झाला. आठवडाभर मराठीतच "गेली पाच वर्षं" म्हणा, इंग्रजी आपोआप सरळ होते का बघा. माझ्याकडच्या निम्म्या लोकांची झाली.

एका वेळी एकच चूक धरा. सात दिवस फक्त "मॅरिड टू". ओळखीच्या सगळ्यांची लग्नं मोठ्याने लावून टाका. साहेबांनाही सांगा की या आठवड्यात बाकीच्या चुका माफ करा. मी शिकवायला लागल्यावर नऊ वर्षं "कोप अप विथ" म्हणत होते, नुसतं "कोप विथ" हवं. वर्गात म्हणत होते, फळ्यावर लिहीत होते. एका बारावीच्या मुलाने कोश आणून दाखवला. तेव्हापासून तो शब्द तोंडात आला की मला तो मुलगा दिसतो, आणि "अप" तिथेच गळून पडतं.

प्रश्न : रोज दहा नवे शब्द पाठ करते, महिन्याने आठवत नाहीत. स्पर्धा परीक्षेच्या ग्रुपवर तर रोज २५ येतात. (एमएस्सीची विद्यार्थिनी, सावंतवाडी)

उत्तर : ग्रुप सोडा. वर ज्यांचा उल्लेख केला त्या पॉल नेशन यांनी २००६ साली हिशेब मांडला होता : कादंबरी किंवा वर्तमानपत्र मदतीशिवाय वाचायला साधारण आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं (एकाच मुळातून निघालेले शब्द मिळून एक कुटुंब) लागतात, बोलणं समजायला सहा ते सात हजार. तुझ्या पत्रावरून तू त्यातली बरीच ओळखतेस. ओळख आहे, येणं-जाणं नाही.

शब्द एकटा पाठ होत नाही, त्याचं जोडपं पाठ होतं. परदेशी मुलीला मराठी शिकवायची झाली तर तिला "रांगोळी", "दिवा", "फुलं", "नैवेद्य" एवढे शब्द देऊन चालेल का? रांगोळी काढतात, दिवा लावतात, देवाला फुलं वाहतात आणि नैवेद्य दाखवतात. तिने नैवेद्य लावला आणि दिवा दाखवला तर आजी देवघरातून बाहेर काढेल. इंग्रजीतही पाऊस "हेवी" असतो आणि वारा "स्ट्राँग". चूक "मेक" करतात, गृहपाठ "डू" करतात. नवे शब्द महिनाभर बंद. रोज वाचताना असं एक जोडपं पकड आणि त्याच दिवशी एकदा कुणाला तरी लिहून पाठव, मैत्रिणीला, मला, कुणालाही. कोकणात राहतेस, "हेवी रेन" पासून सुरुवात कर, जूनमध्ये सराव फुकट होईल.

प्रश्न : माझी आठवीतली मुलगी इंग्रजी शाळेत आहे. मैत्रिणींसमोर माझ्या इंग्रजीला हसते. पालकसभेला जायची लाज वाटायला लागली आहे. (बार्शी)

उत्तर : सभेला जा आणि शिक्षिकेशी मराठीत बोला. तिला येतं.

मुलीला कामाला लावा. घरी, दोघीच असताना, दिवसाला तुमची एकच चूक सुधारायची, जास्त नाही, असं सांगा. बदल्यात तुम्ही तिची मराठीतली एक सुधारायची. माझा सात वर्षांचा नातू परवा म्हणाला, "आजी, इट्स नॉट व्हे-जि-टे-बल." चार तुकडे नाहीत, तीनच : व्हेज्, ट, बल, आणि जोर पहिल्यावर. पोरगं बरोबर होतं. एकतीस वर्षं शिकवलेली बाई मी, गप्प बसले. मग त्याला म्हटलं, बाळा, म्हण "केळं". म्हणाला "केलं". "नळाला पाणी आलं" म्हण. "नलाला पानी आलं."

आता आमचा करार आहे. रोज त्याचा एक शब्द मला, माझा एक त्याला. काल त्याने मला "कम्फर्टेबल" दिला, त्याचेही तीनच तुकडे निघाले. मी त्याला "कळकळ" दिली. सकाळपासून बाल्कनीत त्याची कलकल चालली आहे.